कर्करोग हा कोप नव्हे

(छत्रपती संभाजीनगर येथील एका बुद्धविहारात वर्षावासाच्या निमित्ताने, नवदीक्षित कुटुंबांपुढे एका वकील कार्यकर्त्याने केलेले भाषण)



मी व्यवसायाने वकील आहे, वैद्य नव्हे. तेव्हा कर्करोगासारख्या विषयावर मी बोलण्यास उभा राहावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी माझ्याकडे एक प्रकरण आले, आणि त्यामुळे हा विषय माझ्या गळी पडला. पक्षकाराचे व गावाचे नाव मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की, ते कुटुंब आपल्यासारखेच नुकतेच दीक्षित झालेले. दीड एकर कोरडवाहू जमीन विकण्याचे कागद करून द्या, असे म्हणत ते गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. विक्री कशासाठी, असे मी विचारले. तेव्हा कळले की पत्नीच्या गालाच्या आतील बाजूस आठ महिन्यांपासून जखम आहे, ती भरत नाही. तोंड उघडत नाही. डॉक्टरांनी कर्करोग सांगितला आहे. पण जमिनीचा सगळा पैसा औषधासाठी नव्हता. त्यातील मोठा भाग एका देवऋष्याला द्यावयाचा होता. भाऊबंदांनी त्यांना असे बजावले होते की, तुम्ही घरातले देव नदीत सोडलेत, मरीआईचा टाक टाकून दिलात, त्याचाच हा कोप आहे. जाताना ते गृहस्थ दाराशी थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, खरे सांगा, आम्ही देव सोडले म्हणून तर हे झाले नसेल ना?"

त्या वेळी मी त्यांना घाईत काहीबाही उत्तर दिले. आज येथे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ज्या घराने धम्म स्वीकारला त्या घरात पहिले दुखणे आले, पहिले मूल दगावले, पहिली म्हैस मेली की हाच प्रश्न शेजारीपाजारी व सोयरेधायरे दाराशी आणून उभा करतात. आणि दुखणे कर्करोगासारखे असले, तर तो प्रश्न घरातल्या माणसांच्याही मनात शिरतो.

प्रथम हा रोग म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर अगणित सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या जन्मतात; किती जन्मावयाच्या व केव्हा थांबावयाचे याचा हुकूम प्रत्येक पेशीच्या आतच लिहिलेला असतो. तंबाखूच्या विषाने, काही विषाणूंनी, किरणांनी, किंवा वाढत्या वयात आपोआप होणाऱ्या चुकांनी तो हुकूम बिघडला, म्हणजे ती पेशी थांबेनाशी होते. तिची गाठ होते, ती आसपासच्या अवयवांत घुसते, रक्तातून व रसवाहिन्यांतून दूर जाऊन तेथे नवी वस्ती करते. एवढाच या भयंकर शब्दाचा अर्थ. ग्रीक वैद्यांना गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी खेकड्याचे नाव दिले. लॅटिनमध्ये कॅन्सर म्हणजे खेकडाच, आणि आपल्या कर्क शब्दाचाही अर्थ तोच. हा एक रोग नसून अनेक रोगांचे कुटुंब आहे. त्यातील काही लवकर सापडले तर पुष्कळदा पूर्ण बरे होतात, काही आजही आटोक्यात येत नाहीत. कर्करोग म्हणजे मरण, हे समीकरण चूक आहे. आणि कर्करोग म्हणजे काहीच नाही, एका काढ्याने जाईल, हे समीकरण त्याहून घातक आहे.

आता कोपाविषयी. ज्यांनी देव सोडले नाहीत त्यांना हा रोग होत नाही काय? मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात एकदा जाऊन पाहा. दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पैशाची वाण नव्हती, पूजाअर्चा करणारी माणसेही कमी नव्हती. त्यांच्याच दुःखातून दोराबजींच्या विश्वस्तनिधीने १९४१ साली ते रुग्णालय उभे राहिले. तेथल्या रांगेत सर्व धर्मांची, सर्व जातींची आणि सर्व देवांची माणसे उभी असतात. कोप जर देव सोडल्याचा असेल, तर त्या रांगेत केवळ आपणच असावयास हवे होते.

भगवान बुद्धांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष आला होता. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणसाला जे काही सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले मत काय, असे त्याने विचारले. भगवंतांनी सांगितले की, काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतू पालटल्याने, काही आघाताने. आणि ही गोष्ट जो तो स्वतः पाहू शकतो. सर्व काही पूर्वकर्माचे फळ म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे धाव घेतात. त्या काळच्या वैद्यकाची भाषा आज बदलली आहे, परंतु विचाराची दिशा तीच आहे: कारण शोधा, आणि ते दिसेल अशा ठिकाणी शोधा.

परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रश्नाला आपल्या अखेरच्या ग्रंथात किती महत्त्व दिले, हे वर्षावासात त्या ग्रंथाचे वाचन ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. मागील जन्माच्या कर्माचा सिद्धांत मान्य केला तर त्याचा उपयोग कोणाला होतो, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. गरिबांच्या व दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज त्यांना त्याचा दुसरा हेतू दिसला नाही. वकील म्हणून मला हे विवेचन फार मोलाचे वाटते. त्या भगिनीचा रोग पूर्वजन्मीच्या पापाने झाला असे एकदा ठरले, की तिला लहानपणी मिश्री कोणी दिली, गावात तपासणी का नव्हती, आठ महिने ती जखम कोणी का पाहिली नाही, हे सर्व प्रश्न फायलीतून गळून पडतात. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी ती उरते.

होय, मिश्री. बाराव्या वर्षापासून ती भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावत होती. आजीने लावली, आईने लावली, सासूने लावली. आपल्या मायबहिणींनी ती दातांचे औषध म्हणून घेतली, भूक मारण्यासाठी घेतली, रोजंदारीच्या उन्हात तग धरण्यासाठी घेतली. त्यांना दोष देणे मला जमणार नाही. पण तोंडाच्या कर्करोगाचे मूळ आपल्या देशात प्रामुख्याने तंबाखूत आहे आणि सुपारीही निर्दोष नाही, हे आता निर्विवाद आहे. भारतीय पुरुषांत ओठ व तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. गालात पांढरा वा तांबडा चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, उभी तीन बोटे आत जाणार नाहीत इतके आखडलेले तोंड, ही लक्षणे दिसली तर देवऋष्याकडे नव्हे, दंतवैद्याकडे जा. वेदना नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीस वेदना नसते, हाच या रोगाचा कपटीपणा.

पंचशीलातील पाचवे शील मद्यादी मादक पदार्थांविषयी आहे आणि बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूनेही कर्करोग होतो, तेव्हा तेथे वाद नाही. परंतु आपल्यातील कित्येक जण म्हणतात की तंबाखूचे नाव शीलात कोठे आहे? हा वकिली बचाव आहे, आणि वाईट वकिली आहे. कायद्याचा अर्थ लावताना आम्ही शब्दाबरोबर हेतूही पाहतो. ज्या पदार्थावाचून माणसाला तासभर राहवत नाही, आणि जो शेवटी त्याचा जबडा मागतो, तो पदार्थ त्या शीलाच्या हेतूत बसत नाही असे कोणते न्यायालय म्हणेल?

कायद्याचे म्हणाल तर त्याची कहाणी फारशी अभिमानाची नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. राज्याच्या अन्न अधिकाऱ्यास तसा अधिकार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती २००४ साली रद्द केली. पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या आधारे २०१२ च्या जुलै महिन्यात पुन्हा बंदी आली आणि ती वर्षावर्षाने वाढविली जात आहे. बंदी आहे, आणि पुडीही आहे. आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावरील टपरीत ती कोठे ठेवलेली असते हे येथे बसलेल्या मुलांना माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असेल, कारण ती आणावयास आपणच त्यांना पाठवतो.

आता एक गोष्ट अशी सांगतो, जी सांगताना मला लाज वाटते. त्या भगिनीला घरात निराळे ताट व निराळा पेला काढून दिला होता. माठाला हात लावू नये असे सांगितले होते. नातवाला जवळ घेऊ देत नव्हते. हे बाहेरच्यांनी केले नव्हते, आपल्याच माणसांनी केले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्या हातांनी उचलले गेले, त्या हातांचा वारसा सांगणाऱ्या घरात पाण्याच्या माठापाशी पुन्हा विटाळाची रेघ! कर्करोग स्पर्शाने लागत नाही. एकत्र जेवल्याने, उष्टे खाल्ल्याने, कपडे धुतल्याने लागत नाही. काही कर्करोगांच्या मुळाशी विषाणू असतात आणि त्यांतील काही शरीरसंबंधातून किंवा रक्तातून पसरतात, हे खरे. परंतु ताटातून व पेल्यातून कर्करोग पसरत नाही. विनयपिटकात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. इतर भिक्खूंनी त्याला मलमूत्रात पडू दिले होते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागविले, स्वतः त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग संघाला बोलावून जाब विचारला. रुग्णाची सेवा ही माझीच सेवा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. लक्षात घ्या, तेथे जाब रुग्णाला नव्हे, संघाला विचारला गेला.

भगिनींसाठी दुसरा विषय मला अधिक विस्ताराने मांडावयाचा आहे, कारण तो आपल्याच मराठवाड्यात घडला. स्त्रियांमध्ये आज स्तनाचा कर्करोग पहिला आणि गर्भाशयाच्या मुखाचा दुसरा आहे. या दुसऱ्याने भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे ८० हजार स्त्रिया गेल्या असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. हा कर्करोग बहुतेक सर्व प्रकरणी एका विषाणूच्या दीर्घ संसर्गामुळे होतो. त्या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणजे पकडण्यास वेळ भरपूर असतो, फक्त कोणी पाहणारे हवे.

ते पाहण्याचा एक मोठा प्रयोग उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह. एका गटाची विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची पातळ ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी. आणि चौथ्या गटाला आरोग्यशिक्षण, पण तपासणी नाही. आठ वर्षांनी हिशेब झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणू-चाचणीच्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या आरोग्यधोरणांना या निष्कर्षाचा आधार झाला. तुळजापूर-कळंबकडच्या, शेतात राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी जगाला दिलेले हे ज्ञान आहे.

पण वकिलाची नजर चौथ्या रकान्यावर थांबते. त्या ६४ जणींचे काय? एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी भारतातील अशा प्रयोगांवर जाहीर आक्षेप घेतला: तपासणीने जीव वाचतात हे आधीच ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीवाचून ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे नीतीला धरून नाही. संशोधकांचे म्हणणे असे की, जिल्ह्यात तेव्हा कोणतीच तपासणी होत नव्हती. चौथ्या गटाला नेहमीची जी सेवा मिळते तीच मिळाली, त्यांचे काही हिरावले गेले नाही. दोन्ही बाजू मी वाचल्या. संशोधकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कामाने पुढे अनेक जीव वाचतील. परंतु नेहमीची सेवा म्हणजे शून्य, हे ज्या युक्तिवादात गृहीत धरले जाते, त्या युक्तिवादातच आपल्या आरोग्यव्यवस्थेचा कबुलीजबाब आहे. मला त्या संशोधकांपेक्षा, ते शून्य ज्यांनी पन्नास वर्षे शून्यच राहू दिले त्यांना प्रश्न विचारावयाचा आहे.

संमतीचीही गोष्ट येथेच सांगून टाकतो. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत याच विषाणूवरील लस मुलींना देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये पुष्कळ मुली आदिवासी व वसतिगृहात राहणाऱ्या होत्या, आणि अनेकींच्या संमतिपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखाची सही होती. २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला, संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. त्यातून कोणी असा अर्थ काढू नये की लस वाईट आहे. झालेले मृत्यू लसीमुळे नव्हते असाच चौकशीचा निष्कर्ष होता, लस उपयोगी आहे, आणि २०२२ पासून ती पुण्यातही तयार होते. अर्थ एवढाच की आपल्या मुलीच्या दंडात सुई जाण्यापूर्वी कागद वाचण्याचा, समजून घेण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे. अंगठा उठवू नका, वाचून सही करा. शिका, या शब्दाचा हाही एक उपयोग आहे.

सार्वजनिक आरोग्य ही सरकारची मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने ते राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांवर थेट दावा लावता येत नाही, हे खरे. पण संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी सांगितले होते की, ही तत्त्वे मोडणाऱ्यास न्यायालयात नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढे उत्तर द्यावेच लागेल. शिवाय जगण्याच्या मूलभूत अधिकारात आरोग्याचा अधिकार येतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ पासून अनेकदा म्हटले आहे. भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण व ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संकटाविषयी आपण मत मागावयास येणाऱ्याला कधी एक प्रश्न तरी विचारला आहे काय? गटार व दिवाबत्ती आपण विचारतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रियांच्या तपासणीचा दिवस कोणता, हे विचारीत नाही.

थोडे व्यवहाराचे बोलतो. पूर्वी मराठवाड्यातील रुग्णाला बार्शी किंवा मुंबई गाठावी लागे. मुंबईत जागा नसे. परळच्या पदपथावर दिवस काढावे लागत, किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळे. ज्या बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, त्यांच्याच नावाने आमची माणसे तेथेही निजली. २०१२ पासून आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेव्हा गाठ आढळली तर प्रथम तेथे जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार येतात. दीड लाखाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या खाजगी रुग्णालयांवर शेकडा १० खाटा निर्धन व शेकडा १० खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखण्याचे बंधन आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा. रेल्वेने उपचारासाठी जाताना कर्करोगाच्या रुग्णास भाड्यात सवलत असते, शयनयान वर्गात तर पूर्ण माफी.

नवदीक्षितांना एक विशेष सूचना. धम्म स्वीकारल्यावर आपण नाव व आडनाव बदलता, ते योग्यच आहे. पण आधारपत्रावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि रुग्णालयाच्या कागदावर तिसरे, असे झाले की योजनेचा अर्ज अडकतो, आणि गाठ तुमच्या राजपत्राची वाट पाहत नाही. नाव बदलताना सर्व कागद एकाच वेळी बदला. आणि कोणी कर्करोगावर हमखास औषधाची जाहिरात दाखविली तर तो कागद जपून ठेवा. १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातींस मनाई असून त्यातील रोगांच्या यादीत कर्करोगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. मात्र आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात उपचार रोखण्याविषयीचे जे कलम आहे, त्यात कुत्रा, साप व विंचू यांच्या दंशाचाच उल्लेख आहे. कर्करोग त्यात नाही. ही उणीव भरून काढण्याची मागणी करणारा अर्ज आपण सर्वांनी मिळून पाठवावा अशी माझी इच्छा आहे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दीड एकर वाचली नाही. अर्धा एकर गेलीच, कारण देवऋष्याला आगाऊ दिलेले कर्ज डोक्यावर होते आणि त्याची पावती नव्हती. पत्नीवर शस्त्रक्रिया झाली, एका बाजूचा जबडा काढावा लागला. ती बोलते, पण सर्व शब्द कळत नाहीत. गेल्या पौर्णिमेला ती विहारात आली होती. तिच्या दोन्ही जावा मिश्री अजून लावतात. तिने त्यांच्याकडे बोट करून मला काहीतरी सांगितले. मला शब्द कळले नाहीत, त्या दोघींना मात्र कळले असावेत, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

येत्या रविवारी याच विहारात तोंडाची तपासणी ठेवली आहे. दोन दंतवैद्य येण्याचे कबूल झाले आहेत. शिधापत्रिका व आधारपत्र सोबत आणावे, नावांत फरक असेल तर मी तेथेच अर्ज लिहून देईन. २०१३ च्या कायद्याविषयीच्या अर्जाचा कागद अध्यक्षांच्या मेजावर ठेवला आहे. जाताना सही करावी, वाचून.

जय भीम.